४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिड पिकअपमध्ये बॅटरी यंत्रणेचा दोष कसा शोधावा

माइल्ड हायब्रिड पिकअपच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा किंवा हायब्रिड यंत्रणेचा दिवा लागला, की पहिला संशय ४८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर घेतला जातो आणि ती बदलण्याचा भला मोठा खर्च ग्राहकाला सांगितला जातो. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. या बॅटरीच्या पेटीत व्होल्टेज, करंट आणि तापमान मोजणारे सेन्सर असतात, त्यामुळे यंत्रणेत कुठेही काही बिघडले तरी त्याची नोंद बहुधा बॅटरीच्या नावावर पडते. नोंद जिथे झाली तिथेच दोष आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून १२ व्होल्टची बाजू, अर्थिंग, केबलचे जोड, इंजिनाचा पट्टा (बेल्ट) आणि थंड हवेचा मार्ग हे सारे मोजून निर्दोष ठरल्यावरच संशय बॅटरीच्या सेलपर्यंत न्यावा.

आधी रचना नीट समजून घेऊ. या गाड्यांत नेहमीचा अल्टरनेटर नसतो. त्याच्या जागी पट्ट्यावर चालणारा मोटर-जनरेटर असतो, जो इंजिनाला जोर देतो, बंद झालेले इंजिन पुन्हा चालू करतो आणि ब्रेक लावताना किंवा उतारावर वीज तयार करतो. ही वीज ४८ व्होल्टच्या छोट्या लिथियम बॅटरीत साठते, आणि दिवे, हॉर्न, कंट्रोल युनिट यांना लागणारी १२ व्होल्टची वीज डीसी-डीसी कन्व्हर्टर तिच्यातून पुरवतो. टोयोटा हायलक्सच्या परदेशात विकल्या जाणाऱ्या ४८ व्होल्ट प्रकारात ही बॅटरी मागच्या सीटखाली आहे, तिचे वजन ७.६ किलो आहे आणि मोटर-जनरेटर १२ किलोवॅटपर्यंत जोर देतो. अमेरिकेत २०१९च्या मॉडेलपासून आलेल्या रॅम १५०० ई-टॉर्कमध्ये ती केबिनच्या मागच्या भिंतीशी असून तिची क्षमता ०.४३ किलोवॅट-तास आहे. आपल्याकडे २०२५ साली फॉर्च्युनर निओ ड्राइव्हमध्ये ४८ व्होल्टची यंत्रणा आली. चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वाहन उद्योगात काम करणाऱ्यांना ती परिचयाची आहे, परंतु पुण्याच्या नाना पेठेतून सुटे भाग आणून काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजमधल्या वायरमनला ती अजून नवी आहे, आणि हे लेखन प्रामुख्याने त्याच्यासाठी आहे.

सुरक्षिततेबद्दल दोन टोकाचे समज दिसतात. एक म्हणजे हायब्रिड म्हटले की हातच लावायचा नाही, आणि दुसरा म्हणजे ४८ व्होल्ट म्हणजे काहीच नाही. ६० व्होल्टपेक्षा कमी डीसी दाबाला कोरड्या त्वचेला झटका बसण्याचा धोका कमी मानला जातो, म्हणूनच या यंत्रणेला मोठ्या हायब्रिडसारखे नारिंगी केबल आणि वेगळे इन्सुलेशन निरीक्षण सहसा नसते. खरा धोका ठिणगीचा आहे. १२ व्होल्टचा जोड भार असताना सुटला तर ठिणगी उडून लगेच विझते, पण ४८ व्होल्टवर तीच ठिणगी तग धरून जळत राहू शकते, तांबे वितळवते आणि डोळ्यांना इजा करते. १२ किलोवॅटला ४८ने भागले तर करंट २५० अँपिअरवर जातो, हे ध्यानात ठेवावे. म्हणून अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे, संरक्षक चष्मा घालावा, इग्निशन बंद करून चावी गाडीपासून दूर न्यावी, गाडीतली सर्व कंट्रोल युनिट झोपेपर्यंत, म्हणजे आपोआप बंद होईपर्यंत थांबावे, १२ व्होल्टची ऋण तार सोडवावी आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ गेल्यावरच ४८ व्होल्टचा जोड उघडावा. मोटर-जनरेटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते, तेव्हा पाना लावण्यापूर्वी मीटरने दाब उतरल्याची खात्री करणे टाळू नये. बॅटरीची पेटी फुगली असेल, तिला गोडसर रासायनिक वास येत असेल किंवा तिच्यातून फुसफुस ऐकू येत असेल, तर तपासणी तिथेच थांबवून गाडी मोकळ्या जागेत, इतर वाहनांपासून लांब उभी करावी.

तपासणीला सुरुवात मीटरने न करता मालकाशी बोलण्याने करावी, कारण ज्याला तो दोष म्हणतो ते पुष्कळदा यंत्रणेचे नेहमीचे वागणे असते. सिग्नलला इंजिन बंद होत नाही ही सर्वात जास्त येणारी तक्रार आहे. एसी पूर्ण जोरात असेल, सीटबेल्ट लावलेला नसेल, स्टिअरिंग वळवलेले असेल, इंजिन पुरेसे तापलेले नसेल किंवा कोणत्याही एका बॅटरीचा साठा कमी असेल तर यंत्रणा स्वतःहून इंजिन चालू ठेवते, आणि मे महिन्यातल्या दुपारी स्वारगेटच्या चौकात तसे होणे अगदी रास्त आहे. दुसरी तक्रार घाटातली असते. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून शहराकडे उतरताना सुरुवातीला चार्जिंग दिसते आणि मग बंद पडते, असे चालक सांगतो. ०.४३ किलोवॅट-तासाची बॅटरी १० किलोवॅट दराने रिकामीची पूर्ण भरायला तीन मिनिटेही लागत नाहीत, आणि ती कधीच पूर्ण रिकामी नसते, त्यामुळे लांब उतारावर ती लवकर भरते आणि यंत्रणा चार्जिंग थांबवते. यात बिघाड काही नाही, आणि मालकाला हे समजावून सांगण्यात वेळ गेला तरी तो सार्थकी लागतो.

त्यानंतर चार गोष्टी आवर्जून विचाराव्यात. गाडी किती दिवस उभी होती, बाहेरून काय काय बसवून घेतले आहे, गाडी पाण्यातून गेली होती का, आणि बॉडीवर वेल्डिंग झाले आहे का. शेवटचा प्रश्न पिकअपच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. मागच्या हौद्यावर लोखंडी जाळी, कॅरिअर किंवा ताडपत्रीचा सांगाडा जोडून घेण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि फॅब्रिकेटर दोन्ही बॅटऱ्या न सोडवता वेल्डिंगची अर्थ तार चेसिसला कुठेतरी अडकवून काम उरकतो. तो करंट गाडीच्या अर्थिंगमधून वाट काढतो आणि कंट्रोल युनिटला इजा करू शकतो. शिवाय नंतर मारलेला रंग अर्थच्या बोल्टवरही बसतो. असा इतिहास मिळाला तर तपासणीचा निम्मा रस्ता तिथेच दिसतो.

आता स्कॅनर लावावा, पण कोड लगेच पुसू नयेत. सर्व युनिटमधले कोड, त्यांचा क्रम आणि प्रत्येकाचा फ्रीज फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणीचा वेग, तापमान, दोन्ही बाजूंचे व्होल्टेज आणि करंट, यांचा फोटो काढून जॉब कार्डला जोडावा. पी०५६२ हा कोड गाडीचा मूळ दाब कमी असल्याचे सांगतो, पी०ए९४ डीसी-डीसी कन्व्हर्टरच्या कामगिरीबद्दल बोलतो, यू०१११ म्हणजे बॅटरीच्या कंट्रोल युनिटशी संपर्क तुटला, यू०२९८ म्हणजे कन्व्हर्टरच्या युनिटशी संपर्क तुटला, पी०ए७ई म्हणजे बॅटरी जास्त तापली, आणि पी०ए८० हा बॅटरी पॅक बदलण्याची सूचना देतो. या शेवटच्या कोडच्या शब्दांवरच अनेक बॅटऱ्या बदलल्या जातात, तो अंतिम निकाल असल्यासारख्या. तो कोड पडण्याची अट प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी लिहिलेली असते आणि ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकाच वेळी पाच-सहा युनिटमध्ये संपर्क तुटल्याचे कोड असतील आणि सोबत पी०५६२ असेल, तर बॅटरीची पेटी उघडण्याचा विचारही न करता थेट १२ व्होल्टच्या बाजूला यावे.

१२ व्होल्टची बॅटरी हीच सर्व युनिटना जागे करते. तिने पुरेसा दाब दिला नाही, तर ४८ व्होल्टच्या पेटीतला कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, ओढलाच जात नाही आणि सशक्त लिथियम बॅटरी बंद दारामागे बसून राहते. काही तास विश्रांती दिल्यानंतर चांगल्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, एजीएम प्रकारात १२.८च्या आसपास वाचन मिळते, आणि १२.२ म्हणजे साठा जेमतेम निम्मा उरला असे समजावे. सेल्फ मारताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. गाडी रेडी अवस्थेत आल्यावर कन्व्हर्टरने साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट द्यायला हवेत. दिवे, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू केल्यावर हे वाचन १२.५च्या खाली घसरून तिथेच राहत असेल, तर कन्व्हर्टर, त्याची अर्थिंग किंवा त्याला येणारा ४८ व्होल्टचा पुरवठा यांपैकी एकात दोष आहे.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर झोपलेल्या गाडीचा करंट मोजावा. युनिट झोपायला अर्धा तासही लागू शकतो, बॉनेटचे लॅच बंद स्थितीत दाबून ठेवावे लागते आणि चावी जवळ ठेवून चालत नाही. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा करंट सर्वसाधारणपणे चालण्यासारखा मानतात. तो सतत वाहिला तरी महिन्याला ३६ अँपिअर-तास खर्च होतात, मग जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम आणि बाहेरून बसवलेला अलार्म यांनी तो तिप्पट केला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. या उपकरणांची आणखी एक खोड आहे. बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या ऋण टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, जो बॅटरीत येणारा-जाणारा प्रत्येक करंट मोजतो. बाहेरचा वायरमन जोडणीची अर्थ तार थेट टर्मिनलच्या खांबावर कसतो, तेव्हा तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा बॅटरीच्या साठ्याचा हिशोब रोज थोडा चुकत जातो. अशी तार सेन्सरच्या पलीकडे, चेसिसच्या अर्थवर न्यावी. १२ व्होल्टची बॅटरी बदलल्यास ज्या गाड्यांत स्कॅनरने नोंद करणे आवश्यक आहे तिथे ती अवश्य करावी. आणखी एक ताकीद द्यावीशी वाटते, ती म्हणजे १२ व्होल्टचा चार्जर किंवा जम्प केबल ४८ व्होल्टच्या टर्मिनलला कधीही लावू नये.

१२ व्होल्टची बाजू ठीक निघाली, की ४८ व्होल्टच्या मार्गाकडे वळावे. या दाबाच्या यंत्रणांसाठी २०२०च्या आयएसओ २१७८० या मानकात ३६ ते ५२ व्होल्ट हा पूर्ण क्षमतेने काम करण्याचा पट्टा धरला आहे, त्याच्या खाली २४पर्यंत आणि वर ५४पर्यंत यंत्रणा मर्यादित काम करते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे १२ सेल असलेल्या बॅटरीचा नेहमीचा दाब ४३-४४ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावरचा ५०.४ व्होल्ट असतो, म्हणून स्कॅनरवर ४४ दिसले की बॅटरी उतरली असे म्हणणे बरोबर नाही.

इथे एक युक्ती सांगतो, जी मला या संपूर्ण तपासणीतली सर्वात मोलाची वाटते, कारण तिला एकही जोड उघडावा लागत नाही. एकाच ४८ व्होल्टच्या तारेचा दाब तीन युनिट स्वतंत्रपणे मोजत असतात, एक बॅटरीचे युनिट, दुसरे मोटर-जनरेटरचा इन्व्हर्टर आणि तिसरा डीसी-डीसी कन्व्हर्टर. ही तिन्ही वाचने आणि बॅटरीचा करंट स्कॅनरच्या एकाच पडद्यावर घ्यावेत, रेकॉर्डिंग सुरू करावे आणि मोकळ्या रस्त्यावर सोबत्याला गाडी चालवायला देऊन दोन-चार वेळा जोरात वेग वाढवायला व मग ब्रेक लावायला सांगावे. करंट शून्याजवळ असताना तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. समजा बॅटरीतून १२० अँपिअर बाहेर जात असताना बॅटरीचे युनिट ४४.० दाखवते आणि इन्व्हर्टर ४२.६. मधल्या मार्गात १.४ व्होल्ट हरवले, म्हणजे सुमारे १२ मिलिओहमचा अडथळा आहे आणि तिथे १६८ वॉट उष्णता तयार होते आहे. इतका अडथळा चांगल्या केबलमध्ये असू शकत नाही, म्हणून दोष जोडात आहे. ब्रेक लावताना हाच फरक उलट दिशेने दिसतो, इन्व्हर्टरचा दाब वर आणि बॅटरीचा खाली, आणि मग जास्त दाबाचा कोड पडतो, ज्याचा बॅटरीशी संबंध नसतो. रस्त्याच्या चाचणीत स्कॅनर चालकाच्या हातात कधीही देऊ नये.

असा फरक दिसला, तर गाडी सुरक्षित करून जोड एकेक पाहावेत. सैल किंवा गंजलेल्या जोडाच्या थिंबलवरची (केबलच्या टोकाच्या कडीवरची) हीट-श्रिंक नळी काठाशी तपकिरी पडते, वॉशरभोवती निळसर झाक येते आणि बोल्ट सोडवताना तो पहिल्या वळणातच हाताला मोकळा लागतो. प्रेशर वॉशरने गाडीचे पोट धुण्याची सवय असेल किंवा गाडी पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गेली असेल, तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट क्षार सापडतात. दोष धन बाजूला शोधण्याइतकाच ऋण बाजूलाही शोधावा, कारण बहुतेक माइल्ड हायब्रिडमध्ये ४८ व्होल्टचे ऋण टोकही चेसिसलाच जोडलेले असते. ४८ आणि १२ व्होल्टच्या अर्थचे बोल्ट वेगळे ठेवलेले असतात, आणि ते एकाच बोल्टवर आणणे धोक्याचे आहे. तो सामाईक जोड सुटला, तर ४८ व्होल्टचा करंट १२ व्होल्टच्या उपकरणांमधून परतीचा मार्ग शोधतो आणि ती जळतात. अर्थखालचा रंग पूर्ण घासून धातू उघडा करावा, जोड मॅन्युअलमधल्या टॉर्कने टॉर्क रेंच वापरून कसावा आणि वरून गंजरोधक लेप द्यावा. अंदाजाने हात दाबून कसणे इथे पुरत नाही.

पट्ट्याकडे विजेच्या माणसाचे लक्ष जात नाही, तरी ते जायला हवे. साध्या गाडीत पट्टा एकाच दिशेने ताणला जातो. इथे मोटर-जनरेटर कधी पट्ट्याला ओढतो तर कधी पट्टा त्याला ओढतो, त्यामुळे टेन्शनर दोन्ही दिशांना काम करणारा असतो. तो थकला किंवा पट्ट्यावर तेल आले की इंजिन पुन्हा चालू होताना पट्टा घसरतो आणि टॉर्क किंवा चार्जिंगचा कोड पडतो. स्कॅनरवर इंजिनाचे आणि मोटरचे फेरे एकत्र पाहावेत. पुलीच्या प्रमाणानुसार त्यांचे गुणोत्तर स्थिर राहिले पाहिजे. पट्टा बदलताना मूळ प्रकारचाच घ्यावा.

तापमानाचा विषय पुण्यापुरता तरी हलक्यात घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंश असताना बंद केबिन त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि बॅटरी सीटखाली किंवा सीटमागे असल्याने तिला तीच हवा मिळते. तापलेली बॅटरी स्वतःच्या रक्षणासाठी करंट कमी करते, आणि मग मालक म्हणतो की दुपारी गाडीत जोर नसतो. अशा वेळी मागची सीट उचलून बॅटरीला हवा पोहोचवणाऱ्या जाळ्या पाहाव्यात. जुन्नर-आंबेगावकडून माल घेऊन येणाऱ्या पिकअपमध्ये त्या जाळीवर कांद्याची साले, पोत्याचे सुतळीचे धागे आणि धूळ यांचा थर बसलेला आढळतो, किंवा वरून जाड रबरी मॅट अंथरलेली असते. ज्या पॅकला पंखा आहे तिथे तो स्कॅनरने चालवून आवाज आणि हवा दोन्ही तपासावेत. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी सर्व तापमान सेन्सर एकमेकांच्या एक-दोन अंशांच्या आत असायला हवेत. एखादाच सेन्सर दहा अंश वेगळा बोलत असेल तर तो सेन्सर किंवा त्याची तार दोषी आहे, सेल नव्हे.

त्याच सकाळच्या वेळी, काहीही चालू नसताना, बॅटरीचा करंटही पाहावा. तो शून्याच्या अगदी जवळ असावा. विश्रांतीतही एक-दोन अँपिअर दिसत असतील आणि क्लॅम्प मीटर मात्र शून्य दाखवत असेल, तर करंट सेन्सरचा आधारबिंदू सरकला आहे, आणि त्यावर आधारलेला साठ्याचा टक्का खोटा आहे.

हे सर्व उलगडल्यावर उरतात ते सेल. स्कॅनर प्रत्येक सेलचे व्होल्टेज दाखवत असेल तर ते तीन अवस्थांमध्ये नोंदवावे, रात्रभराच्या विश्रांतीनंतर, जोरात करंट बाहेर जाताना आणि जोरात चार्ज होताना. निरोगी पॅकमध्ये विश्रांतीत सेलमधला फरक काही दशक मिलिव्होल्टच्या आतच राहतो, अंतिम मर्यादा मात्र मॅन्युअलमधलीच धरावी. एखादा सेल विश्रांतीतही खाली असेल आणि समतोल साधल्यावर, म्हणजे सर्व सेल सारख्या पातळीवर आणल्यावर, काही दिवसांत पुन्हा खाली जात असेल, तर तो स्वतःतच वीज गळवतो आहे. विश्रांतीत इतरांसारखा असणारा सेल भार पडताच सर्वांत खाली जातो आणि चार्ज होताना सर्वांत वर उडी मारतो, तेव्हा त्याचा अंतर्गत अडथळा वाढला आहे किंवा त्याला जोडणारी पट्टी सैल आहे. एका सेलचे वाचन अशक्य कोटीतले असेल आणि शेजारच्याचे नेमके तितकेच उलट सरकलेले असेल, तर दोघांमधली मोजणारी तार तुटलेली असण्याची शक्यता जास्त. पहिल्या दोन्ही प्रकारांत पेटी उघडून एखादा सेल बदलण्याचा मोह आवरावा. वेगळ्या वयाचा सेल जुन्या रांगेत बसवला की समतोल कायमचा बिघडतो, आणि चुकून शॉर्ट होऊन पेटलेला लिथियम सेल विझवणे फार अवघड असते. पॅक बदलावा आणि जुना पॅक भंगारवाल्याला न देता २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे अधिकृत संकलनाकडे सोपवावा.

संपर्क तुटल्याचा कोडच तेवढा उरला असेल तर १२ व्होल्टची बॅटरी सोडवून कॅनच्या, म्हणजे युनिटना आपसात संदेश पोहोचवणाऱ्या जाळ्याच्या, दोन तारांमधला रोध मोजावा. दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोध समांतर असल्याने ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ मिळाले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ज्या गाड्यांत मध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारे युनिट) आहे तिथे स्कॅनर जोडण्याच्या ओबीडी सॉकेटवरचे वाचन बॅटरीच्या तारांचे नसते, म्हणून ते बॅटरीच्या कनेक्टरवरच घ्यावे. अपघातात एअरबॅग उघडल्या असतील तर यंत्रणा कॉन्टॅक्टर मुद्दाम उघडा ठेवते, आणि ठरवलेली रीसेट प्रक्रिया झाल्याशिवाय तो बंद होत नाही.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी लगेच ताब्यात देऊ नये. दिवे घाटासारखा चढ आणि बोपदेव घाटासारखा उतार सासवडमार्गे एकाच फेरीत मिळतात, त्या फेरीत तीच तीन व्होल्टेज वाचने पुन्हा नोंदवावीत. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी १२ व्होल्टचा विश्रांतीतला दाब, सेलमधला फरक आणि प्रलंबित कोड पाहावेत, आणि दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे रेकॉर्डिंग दोन्ही मालकाला बिलासोबत द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी ती गाडी कोणत्याही गॅरेजमध्ये गेली तरी तिथल्या मेस्त्रीला तुलना करायला आकडे हाताशी असतील.